स्वस्तातला नवा फोन: आधी तपासणी, मग सिम, बँक सगळ्यात शेवटी

दिवाळी झाली की माझ्याकडे फोन येतात. वाजत नाहीत, पिशवीतून येतात. नाशिकच्या सिडकोतले शेजारी, पंचवटीतली आत्या, द्राक्षाचे पैसे हातात आले की दिंडोरीचा मामेभाऊ. प्रश्न सगळ्यांचा एकच: "यात काही हेरगिरी-बिरगिरी नाही ना रे? चायनीज आहे म्हणतात." आणि चूकही सगळ्यांची एकच. प्रश्न विचारेपर्यंत फोन आठ दिवसांचा झालेला असतो, त्यात सिम गेलेलं असतं, नेहमीचं गूगल खातं, फॅमिली ग्रुप, यूपीआय, बँकेचं ॲप, सगळं बसलेलं असतं. वरातीमागून घोडं. दुकानाची बदलून द्यायची मुदतही तेव्हा संपत आलेली असते.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. तपासण्या अवघड नाहीत. त्या उलट्या क्रमाने केल्या की मात्र निरुपयोगी ठरतात.

धोका नेमका कुठून येतो, ते आधी दोन ओळींत. पहिला प्रकार कंपनीच उघडपणे गोळा करते त्या माहितीचा. तो बराचसा सेटिंगमधून बंद करता येतो. दुसरा प्रकार मधल्या माणसाचा: सॉफ्टवेअरचा ठेकेदार, आयात करणारा, खोकं उघडून पुन्हा बंद करणारा. तिसरा आपण स्वतः व्हॉट्सॲपवर आलेली फाइल दाबून आत घेतो तो. माझ्या हातात आलेल्या फोनांत तिसराच सगळ्यात जास्त सापडला, आणि त्याचं खापर दरवेळी पहिल्यावर फुटलं.

आणखी एक गैरसमज. खोक्यावर 'मेड इन इंडिया' आहे म्हणजे फोन भारतीय, असं नाही. चिनी ब्रँडचे इथे विकले जाणारे बहुतेक फोन भारतातच जोडले जातात. त्या शिक्क्यावरून जोडणी कुठे झाली ते कळतं. आतलं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, ते कोणाच्या सर्व्हरशी बोलतं, ते कळत नाही. उलटही खरं आहे. परदेशी नाव दिसलं म्हणून लगेच हेर ठरवू नका.

पायरी १: दुकानात जाण्याआधी, घरी बसून

फोन कशासाठी हवा ते आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यावरून पैसे फिरणार असतील, तर दोन हजार रुपये जास्त गेले तरी नियमित सुरक्षा अपडेट मिळणारंच मॉडेल घ्या. फक्त भजनं ऐकायला, शेतातला कॅमेरा बघायला किंवा पोरांच्या व्हिडिओसाठी हवा असेल तर स्वस्तातला चालेल. पण मग त्यावर बँक कधीच नाही. 'आत्ता नाही, पुढे बघू' असंही नाही.

मॉडेलचं पूर्ण नाव आणि क्रमांक कागदावर लिहा. एकाच नावाचे तीन-तीन अवतार बाजारात असतात. मग कंपनीच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी शोधा: सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार, आणि दर महिन्याला की तीन महिन्यांनी. ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये 'निम्म्या किमतीत' मिळणारा फोन बरेचदा दोन वर्षं जुना असतो. म्हणजे पैसे निम्मे, आणि अपडेटचं आयुष्यही निम्मंच उरलेलं. कंपनीने अपडेटबद्दल कुठेच काही लिहिलेलं नसेल, तर मी ते मॉडेल तिथेच सोडून देतो.

सावध: सात हजारात १६ जीबी रॅम, १ टीबी स्टोरेज आणि नावात 'अल्ट्रा' दिसलं तर पुढे वाचूसुद्धा नका. असे नकली फोन 'अबाउट फोन'मध्येही खोटे आकडे दाखवतात. अँड्रॉइड आवृत्ती खोटी, रॅम खोटी. जो फोन स्वतःबद्दल खोटं सांगतो, त्याच्या बाकीच्या सॉफ्टवेअरवर काय भरवसा?

घरातली दुसरी तयारी जुन्या फोनची. संपर्क, फोटो, व्हॉट्सॲप यांचा बॅकअप घ्या. कोणकोणती बँकेची आणि यूपीआयची ॲप आहेत त्यांची यादी करा. आणि एक्स्चेंजच्या मोहात पडू नका. जुना फोन निदान पंधरा दिवस घरात चालू हवा; पुढचं सगळं त्याच्या जिवावर आहे.

पायरी २: काउंटरवर, पैसे देण्याआधी

एमजी रोडवर शनिवारी संध्याकाळी गेलात तर हे काहीच जमणार नाही. गर्दीत कोणी तुम्हाला दहा मिनिटं खोकं हातात देत नाही. कामाच्या दिवशी दुपारी जा.

१. खोक्याचं सील बघा, मग मागचं लेबल वाचा. आयात केलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असायला हवी. यातलं काहीच नसेल, किंवा लेबल फक्त परदेशी लिपीत असेल, तर तो फोन कोणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे.

२. लेबलावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरापासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. मोबाइलला ही नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' ॲप आपल्या जुन्या फोनवर आधीच घेऊन ठेवा आणि क्रमांक तिथे टाका. समोर येणारं कंपनीचं नाव आणि खोक्यावरचं नाव जुळायला हवं.

३. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तपासा. लेबलावर पंधरा आकडी क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला दोन. आपल्या जुन्या फोनवरून इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. सरकारच्या संचार साथी ॲपमध्येही हे होतं. उत्तरात ब्रँड आणि मॉडेल येतं. दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं, किंवा क्रमांक बंद केलेला, दुबार, आधीच वापरात असलेला असं काही आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. दुकानदार "सिस्टम स्लो आहे" म्हणेल. म्हणू द्या.

४. फोन चालू केल्यावर डायलरमध्ये *#०६# दाबा. पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक, तिन्ही एकच हवेत. बिल जीएसटीचं, छापील, आयएमईआयसह. कोऱ्या चिठ्ठीवर 'मोबाइल १ नग' ही पुढे भांडायला काहीच कामाची नाही.

आता या पायरीवरची सगळ्यात महाग चूक. काउंटरवरचा पोरगा हात पुढे करतो: "द्या काका, सेटिंग करून देतो." हे प्रेमाने असतं, पण तो स्वतःच्या खात्याने काही ॲप टाकतो, समोर येईल त्या प्रत्येक खिडकीवर 'अलाऊ' दाबतो, आपल्या फोनमधून दोन-चार फायली सरकवतो आणि वर एक 'अँटिव्हायरस' देतो. दोन मिनिटांत तुमच्या फोनचे सगळे दरवाजे उघडे. आत्याच्या फोनमध्ये मला त्या पोराच्याच मित्राचं जीमेल खातं सापडलं होतं, तीन महिन्यांनी. आत्याचे सगळे संपर्क त्या खात्यात जमा होत होते. पोराच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. परिणाम मात्र तोच.

म्हणून सांगा: "चालू होतो एवढं दाखव, बाकी मी घरी करतो." स्क्रीनगार्ड लावून घ्या आणि निघा.

सावध: हप्त्यावर घेत असाल तर काही ठिकाणी हप्ता चुकल्यास फोन लॉक करणारं ॲप टाकतात. त्याला फोनवर प्रशासकाचे अधिकार असतात. ते टाकणार आहेत का, कोणाचं आहे आणि शेवटचा हप्ता भरल्यावर कोण काढणार, हे कागदावर घ्या. माझं मत विचाराल तर बँकेचं ॲप चालवायच्या फोनला असा पाहुणा नको. थांबा, रोखीत जमेल तेवढ्याचा घ्या.

पायरी ३: पहिल्यांदा चालू करताना

सिम नाही, वायफाय नाही, खातं नाही. दुकानात कोणी सेटिंग केलंच असेल तर आधी फॅक्टरी रीसेट करा (सेटिंग्जमधून फोन पुसून नव्यासारखा करा) आणि इथून सुरुवात करा.

चालू करताना पडद्याकडे नीट बघा. लोगोच्या आधी पिवळा किंवा नारिंगी इशारा येऊन बूटलोडर (फोन चालू होताना मूळ सिस्टीम उघडणारं सॉफ्टवेअर) उघडा असल्याचं किंवा वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम चढवल्याचं म्हणत असेल, तर मूळ सॉफ्टवेअरला कोणीतरी हात लावलेला आहे. हा इशारा पाच-दहा सेकंदांत निघून जातो आणि लोक चहाचा कप उचलायला वळतात. परदेशातल्या बाजारासाठी बनलेले फोन स्वस्तात आणून त्यांवर वेगळं सॉफ्टवेअर चढवून विकण्याचा धंदा जुना आहे. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ३६ फोनांमध्ये आधीच बसवलेली घातक ॲप दाखवली, ती कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. मधल्या साखळीत कुठेतरी घातली गेली होती.

मग सेटअपमधली प्रत्येक 'स्किप' दाबत आत जा आणि सेटिंग्जमध्ये या जागा बघा. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. वरच्या शोधचौकटीत शब्द टाकला की सापडतात.

- सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख, 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइड आवृत्तीखाली. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर वायफाय लावल्यावर पहिलं काम अपडेट. अपडेट आलंच नाही तर फोन परत.
- 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स'. इथे गूगलचं 'फाइंड' असू शकतं. ओळखीचं नसलेलं काही चालू असेल तर थांबा.
- 'ॲक्सेसिबिलिटी'. डाउनलोड केलेल्या ॲपची यादी रिकामी हवी. ही परवानगी म्हणजे घराची किल्ली: ज्याच्याकडे ती आहे ते ॲप पडदा वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.
- 'नोटिफिकेशन ॲक्सेस', 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स', 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'. शेवटच्या यादीत कुणालाही परवानगी नको.
- 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' (फोन ज्यांच्यावर भरवसा ठेवतो ती प्रमाणपत्रं) यातला 'युझर' भाग. पूर्ण रिकामा हवा. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वळवणारी सोय, हीही नको.
- कीबोर्ड कोणता आहे ते. हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुम्ही टाइप करता ते प्रत्येक अक्षर कीबोर्डमधून जातं. अनोळखी कंपनीचा असेल तर पुढे बदलायचा, हे कागदावर लिहून ठेवा.

तपासा: ॲपच्या यादीत वरच्या तीन ठिपक्यांतून 'शो सिस्टम' करा आणि यादीचे जुन्या फोनने फोटो काढा. सगळी नावं कळायची गरज नाही. तीन दिवसांनी हीच यादी पुन्हा बघायची आहे.

पायरी ४: सिमशिवाय तीन दिवस

या पायरीला लोक वैतागतात. नवा फोन हातात आणि तीन दिवस नुसता टेबलावर! पण हीच खरी परीक्षा, आणि बदलून द्यायची मुदत सात दिवसांची असेल तर तीन दिवस आरामात बसतात. घेण्याआधी मुदत बिलावर लिहून घ्या म्हणजे झालं.

तीनच दिवस का? २०१६ मध्ये क्रिप्टोवायर कंपनीच्या संशोधकांना अमेरिकेत विकल्या गेलेल्या ब्लू आर१ एचडी या स्वस्त फोनमध्ये सापडलं की त्यातलं ॲडप्स नावाचं चिनी सॉफ्टवेअर एसएमएस आणि कॉलची यादी शांघायच्या सर्व्हरला पाठवत होतं, दर ७२ तासांनी. एक रात्र बघून 'सगळं ठीक' म्हणणाऱ्याला ते दिसलंच नसतं. शिवाय ते सॉफ्टवेअर कुठलं चोरटं ॲप नव्हतं. फोनला अपडेट आणून देणं हेच त्याचं काम होतं, म्हणून त्याला सगळे अधिकार होते आणि कोणाला संशय आला नाही.

आता कृती. फोन घरच्या राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) जोडा. ते जमत नसेल तर जुन्या फोनच्या हॉटस्पॉटवर. आलेली अपडेट आधी पूर्ण करून घ्या. चाचणीपुरतं एक रिकामं गूगल खातं टाका, ज्यात ना संपर्क ना मेल. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली फोन 'सर्टिफाइड' (गूगलने मान्य केलेला) आहे का बघा. नसेल तर इथेच थांबा आणि परत करा. असेल तर एक दार ओलांडलं, एवढंच समजा; ती हमी नव्हे. प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे प्ले स्टोअरमधल्या ॲप तपासणाऱ्या सोयीचं, स्कॅन चालवा. मग फोन चार्जरला लावून विसरून जा.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी. ॲपची यादी फोटोशी ताडून बघा: तुम्ही काही घेतलं नसताना नवं काय उगवलं? आणि सेटिंग्जमध्ये वायफाय डेटा वापर उघडा.

आत्याच्या दुसऱ्या फोनचं सांगतो. (पहिला तो जीमेलवाला.) कंपनीचं नाव नको; आठ हजाराच्या आतला होता. शुक्रवारी रात्री फडताळावर ठेवला, सोमवारी सकाळी बघितला. प्ले स्टोअर आणि गूगलच्या सेवा यादीत वर होत्या, ते अपेक्षितच. त्यांच्या खाली राखाडी दातेरी चक्राचं चिन्ह असलेलं 'सिस्टम सर्व्हिस', ४१२ एमबी, सगळं बॅकग्राउंडला. अपडेट तर शुक्रवारीच पूर्ण झालेलं. नाव दाबलं तर परवानग्यांत एसएमएस, संपर्क, ठिकाण, मायक्रोफोन, आणि 'डिसेबल'चं बटण फिकट, दाबलं जाईना. ते काय पाठवत होतं ते मला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. पडद्याचे फोटो, बिल, खोकं घेऊन दुकानात गेलो. "असं सगळ्यातच असतं," म्हणाले. मी म्हटलं, काउंटरवर मांडलेला दुसरा उघडून दाखवा. तो उघडेपर्यंत मागे चार गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती, मग वेगळ्या मॉडेलला हो म्हणाले.

सावध: फोन गरम होतो, बॅटरी लवकर संपते, एवढ्यावरून हेरगिरी ठरत नाही. पहिले दोन दिवस प्रत्येक नवा फोन अपडेटमुळे तापतो.

या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवा. आवाज करणारा चोर यात सापडतो. काही घातक सॉफ्टवेअर आठवडेच्या आठवडे झोपून राहतं, ते नाही सापडत. म्हणूनच पहिल्या दोन पायऱ्या, कोणाकडून काय घ्यायचं त्या, या पायरीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पास झाला? चाचणीचं खातं सेटिंग्जमधून काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा केलात तर रीसेटनंतर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो.

पायरी ५: कंपनीच्या खिडक्या लावून घ्या

आता येतो तो उघडपणे माहिती घेणारा प्रकार. सेटअपमध्ये 'युझर एक्स्पीरियन्स प्रोग्राम', 'डायग्नोस्टिक डेटा', 'पर्सनलाइज्ड ॲड्स' अशी टिकमार्क आधीच केलेली चौकट येते. लोक 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत निघून जातात. टिक काढा. फोन तसाच चालतो.

मग सेटिंग्जमध्ये 'ॲड' हा शब्द शोधा आणि दिसेल ते बंद करा. शाओमीच्या फोनवर 'एमएसए' नावाच्या जाहिरातींच्या सेवेची परवानगीही काढायची असते. पहिल्या प्रयत्नात निघत नाही, दहा सेकंद थांबवून ठेवतं, कधी पुन्हा करावं लागतं. रिअलमीवर 'एन्हान्स्ड इंटेलिजंट सर्व्हिसेस' शोधा. हेच बटण मूळात चालू असल्यावरून जून २०२३ मध्ये गदारोळ झाला होता आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तपासणी करू असं म्हटलं होतं. लॉकस्क्रीनवर रोज नवं चित्र आणि बातम्या दाखवणारी सेवाही बंद. गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्स'मध्ये जाऊन जाहिरात ओळख क्रमांक डिलीट करा.

कंपनीचा ब्राउझर वापरू नका. २०२० मध्ये शाओमीच्या ब्राउझरबद्दल फोर्ब्सने वृत्त दिलं होतं की इनकॉग्निटोमध्येही बघितलेल्या पानांची माहिती जाते. कंपनीने आरोप फेटाळले, पण त्यानंतर ते गोळा करणं बंद करायचं बटण दिलं. क्रोम किंवा फायरफॉक्स घ्या आणि तो डीफॉल्ट करा. कीबोर्डही आत्ताच बदला.

संगणक जोडून कमांड देऊन कंपनीची ॲप काढण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. हात बसलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. चुकीचं पॅकेज काढलं तर फोन चालूच होत नाही. 'डिसेबल' पुरतं. आणि प्रयोग केलाच असेल तर यूएसबी डीबगिंग (संगणकाला फोनला आज्ञा देऊ देणारी सोय) नंतर बंद करायला विसरू नका.

पायरी ६: सिम, गूगल, व्हॉट्सॲप, आणि दोन दिवसांनी बँक

सिम घाला. नेहमीचं गूगल खातं टाका, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी आधीच लावलेली हवी. व्हॉट्सॲप आणा. ॲप एकेक करून प्ले स्टोअरमधून घ्या. जुन्या फोनची 'सगळी ॲप कॉपी करा' ही सोय वापरू नका, कारण जुन्या फोनमध्ये काही घाण असेल तर तीही गृहप्रवेश करते. दुसऱ्याच्या फोनमधून फाइल पाठवून ॲप घेणं तर अजिबात नको.

प्रत्येक ॲप परवानगी मागताना एकच प्रश्न विचारा: याच्या कामाला हे लागतं का? टॉर्चला संपर्क लागत नाहीत. कांद्याचे भाव दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस लागत नाहीत. एसएमएसची परवानगी मेसेजचं ॲप, फोनची स्वतःची सेवा, बँक आणि यूपीआय सोडून कोणालाही नाही, कारण ओटीपी तिथेच येतो.

दोन दिवस असेच वापरा. डेटा वापर पुन्हा बघा. मगच बँक आणि यूपीआय, शक्यतो कमी शिल्लक असलेल्या खात्यापासून. यूपीआयची दिवसाची मर्यादा आधीच खाली आणून ठेवा.

सावध: इथपर्यंत सगळं नीट करून मामेभाऊ शेवटी फसला तो 'आरटीओ चलान' नावाच्या फाइलमुळे. गट नंबर, सातबारा तोंडपाठ असलेला शहाणा माणूस. पण ट्रॅक्टरचं चलान म्हटल्यावर घाबरून दाबलं. लग्नपत्रिका, पीएम किसान, वीजबिल, केवायसी अशा नावांनीही याच फाइली फिरतात. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. पाठवणारा सख्खा काका असला तरी. बहुतेक वेळा काकांचाच फोन आधी गेलेला असतो.

पायरी ७: शंका आलीच तर

खरी लक्षणं अशी: कुठलंच ॲप उघडं नसताना पडद्यावर जाहिरात, तुम्ही न घेतलेली ॲप, प्ले प्रोटेक्ट किंवा ॲक्सेसिबिलिटी आपोआप बदललेली, ओटीपीचे एसएमएस येतात आणि गायब होतात, तुमच्या नावाने नातेवाइकांना फायली जातात.

१. फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा, सिम काढा.

२. दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढा: ॲपचं नाव, परवानग्या, डेटा वापर. लोक घाबरून आधी रीसेट करतात आणि दाखवायला काही उरत नाही.

३. पासवर्ड जुन्या फोनवरून बदला. संशयित फोनवरून बदललेला पासवर्ड म्हणजे चोरालाच नवी किल्ली करून देणं. गूगल खात्याच्या 'युअर डिव्हाइसेस'मधून हा फोन बाहेर काढा, व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं बघा.

४. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन, त्याच मिनिटाला, मग बँक. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही होते. शहरात असाल तर नाशिक शहर पोलिसांचं सायबर ठाणं, दिंडोरी-निफाड-सिन्नरकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांचं. जाताना बिल, खोकं, बँकेचा उतारा आणि ते फोटो न्या.

५. फोनचं काय करायचं ते त्यानंतर. तुम्हीच घेतलेल्या फाइलमुळे झालं असेल तर बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेटने भागतं. पण घातक सॉफ्टवेअर कारखान्यातून किंवा वाटेत सिस्टीममध्येच घातलेलं असेल, ट्रायडा नावाचं घातक सॉफ्टवेअर होतं तसं, तर रीसेटनंतरही ते परत हजर होतं, कारण रीसेट फक्त तुमचा भाग पुसतो. मग अधिकृत सेवा केंद्रात मूळ सॉफ्टवेअर पुन्हा चढवून घ्यायचं किंवा फोन परत करायचा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. इथे ते छापील बिल उपयोगी पडतं.

तपासा: रीसेटनंतर पायरी ३ आणि ४ पुन्हा, पहिल्यापासून. तेच ॲप परत आलं तर त्या फोनवर आणखी वेळ घालवू नका.

राहिला जुना फोन

पंधरा दिवस झाले, नव्या फोनवर सगळं सुरळीत आहे, बँकेची सगळी ॲप तिथे चालली: आता जुन्यावरची यूपीआय नोंदणी काढा, व्हॉट्सॲपमधून बाहेर पडा, गूगल खातं काढा, मेमरी कार्ड काढून घ्या आणि रीसेट करा. मेमरी कार्ड हटकून राहतं. मागच्या वर्षी एका शेजाऱ्याने फोन विकला, आणि घेणाऱ्याने तिसऱ्या दिवशी घरी आणून दिलं ते कार्ड: मुलीच्या लग्नाचे चौदाशे फोटो आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स. माणूस चांगला भेटला.